चार लाख किलोमीटर आणि पुढचा उतार

आधी माफी मागतो. दुबईला जाऊन आलेली माणसं आता आमच्या मसूर गावातही गल्लीत एक-दोन सापडतात, आणि त्यांनी पाहिलेलं मी जवळजवळ काहीच पाहिलेलं नाही. तो जगातला सगळ्यात उंच मनोरा मी चालत्या गाडीतून, मान वाकडी करून, जेवढा दिसला तेवढा पाहिला. मॉलमध्ये एकदाच गेलो, तेही मामेबहिणीचे बूट बदलून आणायला. बाकीचे दिवस जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली डोकं घालण्यात गेले. तरी आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "घरातून पहिला विमानात बसलास, तू नाही लिहिणार तर कोण?" घरातून पहिला कॉलेजात गेलेलाही मीच. त्यामुळे 'पहिला' हा शब्द ऐकला की मला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटते. पहिल्याला विचारायला घरात कोणी नसतं, आणि घरातले सगळे त्यालाच विचारतात.

मला दत्तामामांनी विचारलं, म्हणून मी गेलो.

बर दुबई

दत्तामामा म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. चौदा वर्षं त्यांनी कुंभार्ली घाटातून भाजीचा टेम्पो चालवला, पाटण ते चिपळूण आणि परत. मग ओळखीच्या एकाबरोबर दुबईला गेले, दुसऱ्यांच्या किचनमध्ये राबले, आणि आता बर दुबईत, जुन्या देवळाच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर, त्यांचं आणि शैलामामींचं स्वतःचं छोटं किचन आहे. मिसळ, वडापाव, साबुदाण्याची खिचडी आणि ऑफिसवाल्यांचे डबे.

याशिवाय त्यांच्याकडे एक कॅरव्हॅन आहे. म्हणजे चाकांवरचं किचन. आत शेगडी, पाण्याची टाकी, गॅस, काउंटर सगळं आहे, पण इंजिन नाही. दुसऱ्या गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढत न्यावी लागते. आजवर ती एका पेशावरच्या पिकअपवाल्याच्या गाडीमागे जत्रांना जायची. तो आता कायमचा गावी गेला. आणि नेमकं यंदा मामांना जबल जैसवर जागा मिळाली. हा तिथला सगळ्यात उंच डोंगर. थंडीत वर इतका गारठा असतो की दुबईची माणसं स्वेटर घालायची हौस भागवायला तिथे जातात. अशा ठिकाणी गरम मिसळ म्हणजे काय, ते मामांना बरोबर कळलं होतं. अट एकच: शुक्रवारी कॅरव्हॅन वर उभी पाहिजे, नाहीतर यादीतल्या पुढच्याला जागा. आणि दर रविवारी ती खाली आणायची, कारण पाणी आणि गॅस खालीच भरायचा.

थोडक्यात, मामांना शुक्रवारच्या आत गाडी हवी होती. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी, भरपूर चाललेली, पण सतराशे किलोची भरलेली कॅरव्हॅन डोंगरावर ओढेल अशी.

"तू मेकॅनिकलला आहेस ना?" मामा फोनवर म्हणाले होते. "मग ये. घरात इंजिनियर असताना परक्याला कशाला विचारू?"

मी तिसऱ्या वर्षाला आहे. आयुष्यात एकच इंजिन उघडलंय, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, चौघांबरोबर. बंद करताना दोन बोल्ट उरले होते. हे मी मामांना सांगायला हवं होतं. पण तिकीट आलं, आणि आईनं गल्लीभर सांगितलं.

मी रविवारी पोचलो. मामींनी झुणका केला होता आणि सोबत कुबूस, म्हणजे तिथली मोठी, मऊ, परातीएवढी रोटी. झुणक्याला भाकरीच लागते असं मी मानत होतो. पण कुबूस झुणका असा काही शोषून घेतं की मी चार खाल्ली.

मामेबहीण ऋतू अकरा वर्षांची आहे. तिच्याशी मराठीत बोललं तर उत्तर इंग्रजीत येतं.

"डॅड, ही डझन्ट ईव्हन हॅव अ कार लायसन्स," ती माझ्याकडे बघत म्हणाली.

"लायसन्स चालवायला लागतं," मामा म्हणाले. "पारखायला डोकं लागतं."

खरं तर माझ्याकडे फक्त दुचाकीचं लायसन्स आहे. मी कुबूस चावत राहिलो.

जेवताना मामा टेम्पोच्या दिवसांत शिरले. "चौदा वर्षांत उतारावर मी डिझेल जाळलं नाही कधी. घाटमाथ्यावर न्यूट्रल केला की थेट पोफळीपर्यंत. गाडी कशी चालायची, तर पाण्यातल्या होडीगत. आवाज नाही, खर्च नाही. मालक म्हणायचा, दत्ताच्या गाडीचं ॲव्हरेज कुणालाच येत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. त्या वाक्यात काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि इंजिनियर म्हणून मला बोलावलेलं होतं.

शारजा

दुसऱ्या दिवशी आम्ही शारजाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. आपल्याकडच्या बैलबाजाराइतका पसारा, पण धूळ नाही. प्रत्येक गाडी आरशासारखी पुसलेली. त्या देशात मळकी गाडी रस्त्यावर उभी ठेवली तर दंड होतो, म्हणून एरवीही सगळ्या गाड्या लग्नाला निघाल्यासारख्या दिसतात. आमच्याकडे गाडी धुतलेली दिसली की विचारतात, 'विकायची आहे का?'

आणखी एक फरक लगेच जाणवला. मामा प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न विचारत, "ॲव्हरेज कितना देती है?" आणि प्रत्येक विकणारा गोंधळून बघे. तिथे तो प्रश्न कोणी विचारतच नाही.

शेवटी एक गाडी मामांच्या मनात भरली. पांढरी, जपानी, चारही चाकांना जोर असलेली, मोठ्या इंजिनाची. काट्यावर फक्त अठ्ठ्याण्णव हजार किलोमीटर.

"अठ्ठावीस हजार दिरहम," विकणारे रशीदभाई म्हणाले. पन्नाशीचे, गळ्यात चष्मा अडकवलेले.

"साडेसहा लाख," मामा मला मोठ्यानं म्हणाले. मग हळूच, "आणि लाखसुद्धा चाललेली नाही. बघ, नवरीच आहे."

मी दार उघडून खाली वाकलो. माझ्या बाबांचं मसूरच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. जुनी सायकल विकायला आली तर ते रंग बघत नाहीत, घंटी वाजवत नाहीत. पायडलचं रबर बघतात. मीही सवयीनं तेच बघितलं. ब्रेकच्या पायडलवरच्या रबराच्या रेघा एका बाजूनं पार झिजून सपाट झाल्या होत्या. अठ्ठ्याण्णव हजारात असं होत नाही. मग गिअरबॉक्सच्या तेलाची काडी काढून बघितली. तेल लालसर हवं, ते काळं होतं, आणि करपलेल्या दुधासारखा वास.

मामा खूश होते. तीन दिवस हातात होते. आणि माझी खात्री म्हणाल तर सायकलच्या दुकानातली.

मी मामांना जरा बाजूला घेतलं आणि मराठीत म्हणालो, म्हणजे रशीदभाईंना कळू नये, "मामा, काट्यात गडबड आहे. तेलाला जळका वास येतोय. हा माणूस आपल्याला फसवतोय."

"वास येतो तर मलापण सांगा की, पावणं," मागून आवाज आला. रशीदभाई मिरजेचे निघाले.

माझे कान तापले. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिथल्या तिथे परतीचं विमान पकडलं असतं. परदेशात गुपित मराठीत बोलायचं ही चूक आपली माणसंच करतात, आणि तिथे तर प्रत्येक चौथ्या दुकानात ती महागात पडू शकते.

पण रशीदभाई रागावले नाहीत. त्यांनी स्वतः काडी काढली, वास घेतला आणि फडक्याला पुसली. "लिलावात घेतली मी. काटा आला तसा आला, मी हात लावला नाही. काय ओढायचं आहे तुम्हाला?"

मामांनी कॅरव्हॅनचं सांगितलं. जबल जैसचं सांगितलं.

"मग ही न्यायची नाही. खलास," ते म्हणाले. "मिरजकराच्या हातनं असलं पाप नको. ऐका, ओढायला गाडी घेताना काटा बघू नका, मालक बघा. एकाच हातची, लांब सरळ रस्त्याला चाललेली. चार लाख चाललेली असली तरी चालेल. शहरात थांबत-थांबत एक लाख चालणं गाडीला जास्त भारी पडतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोराला नाक आहे. जीभ मात्र जरा सांभाळ, बाबा."

परतताना मामा एकदम म्हणाले, "लोकांसमोर तोंड उघडायच्या आधी मला विचारत जा."

"हो, मामा," मी म्हणालो. हे 'हो' पुढे मला फार जड गेलं.

अल रीम आयलंड

त्या संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामींनी एक जाहिरात दाखवली. अबुधाबीचे नेने म्हणून कोणी निवृत्त होऊन पुण्याला चालले होते. गाडी विकायची. एकच मालक. चार लाख बारा हजार किलोमीटर.

"चार लाख!" मामा म्हणाले. "माझा टेम्पो यापेक्षा कमी चालून भंगारात गेला."

तरी शुक्रवार तोंडावर आला होता, म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही बसनं अबुधाबीला गेलो. अल रीम म्हणजे बेटावर नुसत्या काचेच्या इमारती. खाली समुद्राचं पाणी, वर प्रत्येक मजल्यावर तीच बाल्कनी. मामांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लिफ्टमध्ये त्यांनी दोनदा केसांवरून हात फिरवला.

नेने काकांनी कोकम सरबत दिलं. सामान बांधलेलं होतं, सोफ्यावर वर्तमानपत्रं अंथरली होती. मामा त्या सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"नीट बसा हो जाधव," काका म्हणाले. "आणि आधी दोष ऐका. एसीचा पंखा सुरुवातीला कुरकुरतो. मागची डावी काच अर्ध्यात अडते. सत्तावीस वर्षं वाळवंटातल्या साइटवर नोकरी केली, त्यातली शेवटची बरीचशी या गाडीनं. रोज जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर, एकाच वेगानं. सुट्टीला मागे छोटी बोट जोडून समुद्रावर न्यायचो, त्यामुळे हुक आहे, आणि मुलकियावर त्याची नोंदही आहे." मुलकिया म्हणजे तिथलं गाडीचं नोंदणीकार्ड.

ते फाइल आणायला आत गेले तसे मामा माझ्या कानाशी आले. "स्वतःच दोष सांगतोय म्हणजे काहीतरी मोठं लपवतोय."

फाइल जाड होती. प्रत्येक तेलबदलाची पावती, रेडिएटर बदलल्याची, ब्रेकच्या पायडलचं नवं रबर घातल्याचीसुद्धा. पाचव्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये मी दीड तास गाडीखाली-वर केली. गिअरबॉक्सचं तेल लाल होतं. टायर चालू वर्षाचे. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर ओढायचं कमाल वजन अडीच टन लिहिलेलं. मला आवडली, पण आवडली म्हणायची भीती वाटत होती. शारजातली गाडी नाकारणं सोपं होतं. नाही म्हणणारा कधी अडकत नाही.

मग मामा चक्कर मारायला स्टिअरिंगवर बसले, शेजारी काका, मागे मी.

अबुधाबी पोळपाटासारखी सपाट आहे. आम्हाला त्या दिवशी मिळालेला उतार एकच: पाचव्या मजल्यावरून जमिनीपर्यंत गोल-गोल उतरणारा पार्किंगचा रस्ता. गाडी पहिल्या वळणाला लागली आणि मामांचा उजवा हात (तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं) आपोआप गिअरवर गेला. त्यांनी ऑटोमॅटिक गिअरचा दांडा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलला, ढकलला. इंजिनाचा आवाज मंदावला. गाडी नुसती घरंगळत निघाली आणि मामांचा पाय ब्रेकवर राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पाण्यातल्या होडीगत.

नेने काकांनी गिअरकडे बघितलं. मग आरशातून माझ्याकडे.

"घाटातले का हो तुम्ही, जाधव?"

"हो. कुंभार्ली."

"वाटलंच."

मामांना ती स्तुती वाटली.

मला मात्र रविवारचं ते होडीचं वाक्य आता कळलं. इंजिन गिअरमध्ये असलं की उतारावर तेच गाडीला मागे ओढून धरतं; नेहमीच्या 'डी'पेक्षा तीनवर जास्त, तीनपेक्षा दोनवर आणखी. न्यूट्रलमध्ये तो आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. भाजीच्या टेम्पोत मामांनी चौदा वर्षं ते निभावलं. सपाट दुबईत त्यांची सवय कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. पण मागे सतराशे किलोची कॅरव्हॅन, पुढे जबल जैसचा वीस-पंचवीस किलोमीटरचा सलग उतार, शेजारी मामी आणि मागच्या सीटवर ऋतू.

"बावीस हजार ठरलं," निघताना काका म्हणाले. "पण आजच गाडी घेऊन जा, उद्या दिवसभर ठेवा. कॅरव्हॅन जोडून डोंगरात नेऊन बघा, मग पैसे." मामा किल्ली लावत होते तेवढ्यात ते मला हळूच म्हणाले, "गाडी चांगली आहे, बाळा. तू दुसरं काहीतरी बघितलंस आज. ते बोल."

मी मान हलवली. परतीच्या दीड तासात बोललो मात्र नाही. लोकांसमोर तोंड उघडायच्या आधी विचार, असं सांगितलं होतं. आता गाडीत लोक नव्हते, तरी.

मसाफी

बुधवारी ऋतू शाळेला गेल्यावर आम्ही तिघं निघालो. कॅरव्हॅनच्या टाकीत पाणी भरलं, गॅस, तवे, दोन पोती कांदे, म्हणजे वजन खरंखुरं असावं. अल धैदपर्यंत वाळू, तारेच्या कुंपणामागे उंट, मग हळूहळू डोंगर सुरू झाले. आपला डोंगर कितीही उजाड असला तरी त्यावर बाभूळ, निवडुंग काहीतरी असतं. हे डोंगर नुसते हाडांचे. मसाफीजवळ रस्त्याकडेला गालिचे आणि फळं मांडलेला लांबलचक बाजार लागला. मामींनी पेरू घेतले. चढावर गाडीनं तक्रार केली नाही. उष्णतेचा काटा मधल्या रेघेवर होता, तिथेच राहिला.

"वा!" मामा म्हणाले. "चार लाखांची म्हातारी चढते बघ कशी!"

मसाफीच्या पुढे फुजैराकडे उतार आहे. मी मागच्या सीटवर पुढे सरकून बसलो. मला वाटत होतं, आज मामांनी नाही केलं तर मला बोलायची गरजच पडणार नाही.

वळण संपलं, लांब उतार दिसला आणि मामांचा हात गिअरवर गेला. 'एन'.

पहिल्यांदा शांतता झाली. मग मागून काहीतरी ढकलतंय असं वाटलं. वेगाचा काटा साठवरून सत्तर, पंचाहत्तर. मामांनी ब्रेक दाबला, कमी झाला, सोडला, पुन्हा वाढला. पुन्हा दाबला. आरशात कॅरव्हॅनचं तोंड डावीकडे गेलं, मग उजवीकडे, गाईनं शेपूट हलवावं तसं. मामींनी दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली. पेरू सीटखाली घरंगळत गेले. आणि मग तो वास आला. बाबांच्या दुकानात कुणी उतारावरून ब्रेक धरत आलं की चाकातून येतो तोच वास, पण शंभरपट.

"पायडल खाली चाललंय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"मामा, गिअर! 'डी'वर घ्या!"

"थांब जरा—"

"'डी'वर घ्या आधी! आता तीनवर! ब्रेक सोडा, नुसतं सरळ धरा! आता दोनवर!"

मी ओरडत होतो. मामांशी मी आयुष्यात वरच्या आवाजात बोललो नव्हतो. इंजिन मोठ्यानं गरजलं, सगळे पुढे झुकलो, आणि गाडी जणू कुणीतरी मागून कमरेला धरल्यासारखी सावरली. पन्नास. चाळीस. कॅरव्हॅन सरळ झाली. अर्ध्या किलोमीटरवर एक कॅफेटेरिया होता, तिथे थांबलो.

पुढच्या चाकांतून धूर निघत होता. मामा पाण्याचा कॅन घेऊन धावले.

"पाणी नको, मामा! तापलेली डिस्क वाकडी होईल. तसंच निवू द्या."

त्यांनी कॅन खाली आपटला.

आम्ही बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. करक चहा, म्हणजे तिथला कडक दुधाचा चहा आला, आणि चीज घालून वरून बटाट्याच्या चिप्सचा चुरा पेरलेला गरम पराठा. एरवी मी त्यावर एक पान लिहिलं असतं. त्या दिवशी तिघांपैकी कुणीच तो पुरा खाल्ला नाही.

"गाडी खराब आहे," मामा म्हणाले. "चार लाख चालल्यावर ब्रेक राहतायत का? मी म्हणत होतोच."

आता हे इथेच ठेवलं असतं तर सगळं सोपं होतं. गाडी नाही, म्हणजे डोंगर नाही, म्हणजे उतार नाही. जागा गेली असती, पण कुणाच्या जिवाचा प्रश्न उरला नसता. आणि मामांचा मानही राहिला असता. मी चहाच्या कागदी कपाची कड दुमडत बसलो.

"गाडी खराब नाही, मामा," शेवटी मी म्हणालो. "न्यूट्रल केलंत म्हणून झालं. ब्रेकला एकट्याला सगळं धरावं लागलं."

"चौदा वर्षं मी घाट उतरलो."

"मागे कॅरव्हॅन नव्हती."

"तुझा बाप सायकलला ब्रेकची रबरं बसवतो, आणि तू मला उतार शिकवतोस?"

"अहो!" मामी म्हणाल्या.

डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी समोरच्या डोंगराकडे बघत राहिलो. "बाबा रबरं बसवतात म्हणूनच मला तो वास कळतो," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

मामा उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, परत आले. "एका शब्दात सांग. घ्यायची की नाही?"

या प्रश्नासाठी त्यांनी मला तिकीट पाठवलं होतं. 'नाही' म्हटलं तर मी खोटा, 'हो' म्हटलं तर रविवारी ते तिघं त्या डोंगरावरून उतरणार, आणि गिअरवर मामांचा हात.

"घ्या," मी म्हणालो.

मामांनी मान हलवली. 'पण' म्हणून पुढे जे सांगायचं होतं, ते ऐकायला ते थांबले नाहीत. गाडी मात्र परतताना गिअरमध्येच चालवली. मी बघत होतो म्हणून की पटलं म्हणून, ते कळलं नाही. चढच जास्त होता.

पुन्हा बर दुबई

गुरुवारी दुपारी नेने काका दुबईला आले आणि मुलकिया मामांच्या नावावर झालं. मामांनी गॅरेजमधून पुढचे ब्रेक नवे घालून घेतले, माझ्याशी काही न बोलता. देवळाच्या गल्लीतून झेंडूचा हार आणला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चार लाख बारा हजार किलोमीटरनंतर त्या गाडीनं पहिल्यांदाच लिंबू चिरडलं असेल. नेने काका हसू दाबत उभे होते.

माझं विमान संध्याकाळी सातला होतं. मामा गाडीपाशी असताना मी किचनमध्ये गेलो. मामी डब्यांवर तारखेची स्टिकरं लावत होत्या. तिथे प्रत्येक डब्यावर कधी बनवलं ते लिहावं लागतं.

"मामी, मामा ऐकणार नाहीत," मी म्हणालो.

"मला गाडीतलं काही कळत नाही रे. तू सांगितलंस तरी मी काय करणार?"

मी विचार केला. "भाजीची हातगाडी उतारावरून नेताना माणूस काय करतो?"

"मागे झुकून ओढून धरतो. नाहीतर सुटेल की."

"इंजिन तेच करतं. न्यूट्रल म्हणजे त्या माणसानं हात सोडले."

मामींनी हातातला डबा खाली ठेवला. मग विचारलं, "कुठल्या अक्षरावर पाहिजे?"

"दोनवर. वरून निघाल्यापासून सपाट लागेपर्यंत."

त्यांनी एक स्टिकर काढलं, त्यावर मार्करनं लिहिलं: 'उतार – २'. तारीखही घातली, सवयीनं. मग ते पदरात धरल्यासारखं ओढणीच्या टोकात धरून ठेवलं.

विमानतळावर मामांनी मला मिठी मारली नाही. बॅग काढून दिली, म्हणाले, "अभ्यास कर," आणि गाडीत बसले. तिथे थांबायला मनाई असते, मागून पोलीस हात करत होता. तेवढं कारण मी स्वतःला देत राहिलो.

मसूर

शुक्रवारी संध्याकाळी एक फोटो आला. डोंगरमाथा, मागे धुकं, कॅरव्हॅनचा उघडा काउंटर, स्वेटर घातलेली ऋतू. शब्द एकही नाही. शनिवारी काही नाही.

रविवारी ते तिथल्या दोन वाजता उतरायला निघणार होते, म्हणजे आपल्याकडचे साडेतीन. उतार तासाभराचा. मी साडेतीनला बाबांच्या दुकानात जाऊन बसलो. पाच वाजले. मामांना मेसेज केला, एकच टिक. मामींना केला, तिथेही एकच. फोन लावला, बंद. वर नेटवर्क नसतं, मी स्वतःला सांगितलं. पण खाली असतं.

बाबांना मी सगळं सांगितलं होतं, फक्त त्यांच्याबद्दलचं ते वाक्य सोडून. ते एका सायकलच्या ब्रेकला रबर बसवत होते.

"उतरले का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही कळलं."

सहा वाजता त्यांनी पुन्हा विचारलं. साडेसहाला विचारलं नाही. दुकान बंद करायची वेळ झाली तरी फळी लावली नाही, झाडलेलीच जागा पुन्हा झाडली.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. मामींचा आवाजी निरोप होता. मग मी आवाज मोठा केला.

"विनू, उतरलो रे. सपाटीला आलो. निघायलाच उशीर झाला, त्यात मोबाइल दोन्ही मेले होते, आत्ता खालच्या शहरात, रास अल खैमात येऊन चार्ज केले. ऐक, तुझं ते स्टिकर मी वरच गिअरपाशी लावलं. तुझ्या मामांनी बघितलंही. पण निघालो तसा यांचा हात गेलाच गिअरवर. मग मी माझा डावा हात आधीच तिथं ठेवला, दोनवर, आणि काढलाच नाही. यांनी दोनदा माझी बोटं सोडवून बघितली. म्हटलं, मोडा बोटं, हात निघायचा नाही. पूर्ण डोंगर तसाच उतरलो. ऋतू मागून म्हणते, 'मॉम, यू आर सो स्केअरी.' आता हाताला नुसत्या मुंग्या आल्यात, उद्याची कणीक कोण मळणार कुणास ठाऊक. आणि हो, खाली उतरल्यावर चाकापाशी मी स्वतः नाक लावून बघितलं. वास कसलाच नाही."

बाबा झाडू धरून ऐकत उभे होते. निरोप संपला असं वाटलं, तेवढ्यात मागून, जरा लांबून, मामांचा आवाज आला.

"आणि पेट्रोल किती जळलं तेपण सांग म्हणावं त्या इंजिनियरला!"